शाहू स्टेडियम, पेठा आणि आपला फुटबॉल

मंगळवारकर
क्रिकेटच्या धाग्यावर दोन दिवसांत पाचशे प्रतिसाद पडतात आणि आमच्या फुटबॉलवर इथं एक धड धागा नाही, म्हणून हा काढतोय. विषय कोल्हापूरचं राजर्षी शाहू स्टेडियम आणि तिथं खेळणारे आपले संघ. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो, कोल्हापूरकरांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.

स्टेडियम म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं बालेवाडी येतं, तसलं काही नाहीये हे. शहराच्या पोटात, भोवती सिमेंटच्या पायऱ्या, एका अंगाला पॅव्हेलियन, मधे मैदान. पायऱ्या इतक्या जवळ की थ्रो-इन घेणाऱ्याला खालच्या पायरीवरची शिवी स्पष्ट ऐकू जावी, आणि जातेच. ही मूळची रावणेश्वर तळ्याची जागा. कोल्हापुरात तळी बुजवून असंच काय काय झालंय, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली आणि रावणेश्वराचं स्टेडियम झालं. देऊळ अजून शेजारीच आहे. कारभार केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, स्थापना १९४० ची, राजघराणं पहिल्यापासून मागं उभं आणि आजही अध्यक्ष मालोजीराजेच.

आणि संघ कुणाचे, तर तालमींचे. जिथं कुस्त्या व्हायच्या, गणपती बसायचा, पेठेचे तंटे मिटायचे त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील आणि बालगोपाल मंगळवार पेठेत, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ शिवाजी पेठेत, दिलबहार रविवार पेठेत, शिवाय प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार, उत्तरेश्वर, ऋणमुक्तेश्वर, फुलेवाडी, पोलीस संघ. डिसेंबरच्या आसपास शाहू छत्रपती लीग सुरू होते, ती आटपली की नॉकआऊट स्पर्धांची रांग, आणि पाऊस हाकलून देईपर्यंत हेच चालतं.

आता मुद्दा. पेठ तीच, घोषणा त्याच, पण मैदानावरच्या अकरांत पेठेतली पोरं किती राहिली? परदेशी खेळाडू घ्यायला केएसएची मर्यादा आहे, ठीक. पण गोवा, मुंबई, पुणे, कुठून कुठून पोरं येतायत आणि आमच्या गल्लीतलं पोरगं जर्सी घालून बाकावर बसतंय. तुम्हाला काय वाटतं?

रांगडा_गडी
पहिला नंबर माझा. नाद खुळा धागा भावा. सविस्तर रात्री लिवतो, आत्ता दुकानात हाय.

शिवाजीपेठ_एकच
मंगळवारकर, "आमच्या गल्लीतलं पोरगं" म्हणून गळा काढायला तुमच्याच पेठेनं सुरुवात करावी म्हणजे कमाल आहे 😀 बाहेरचे खेळाडू आणायची हौस कुणाला जास्त हे अख्ख्या कोल्हापूरला माहीत आहे.

मंगळवारकर
आलास का. तुझीच वाट बघत होतो. दोन्ही पेठांनी आणलेत, आकडे काढायला बसलो तर दोघांची पंचाईत होईल.

जुना_हाफबॅक
मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालमीकडून हाफला खेळायचो, नाव सांगत नाही, सांगितलं तर धागा पेटेल. आमच्या वेळी संघ कसा व्हायचा ते सांगतो. पेटाळ्यावर नाहीतर गांधी मैदानावर पोरं खेळायची, तालमीतलं एक वडीलधारं माणूस कट्ट्यावर बसून बघायचं आणि एक दिवस बोलवायचं, उद्यापासून तू सकाळी येत जा. झालं सिलेक्शन. बूट तालमीचे, तेही आधी कुणीतरी वापरलेले, पुढं कापडाचा बोळा घालून माप जुळवायचं. मॅचच्या दिवशी सकाळी तालमीत मारुतीला नारळ फोडायचा आणि तिथनं चालत स्टेडियमवर. चालत जाताना दोन्ही बाजूला जी माणसं उभी असायची त्यात तुमचा मास्तर, तुमचा न्हावी, शेजारची मावशी सगळे. हरून त्याच रस्त्यानं परत यायचं असायचं हो. मावशी काही बोलायची नाही पण न्हावी दोन महिने बोलायचा.

म्हणून मला विचाराल तर पगारी खेळाडू चांगला खेळतो यात शंका नाही, माझ्यापेक्षा तर शंभरपट, पण त्याला त्या रस्त्यानं परत जायचं नसतं. त्याची बॅग भरलेली असते.

कूपरेजवाला
मुंबईकराचा आगाऊपणा माफ करा. हाफबॅक साहेब, तुमचं वर्णन वाचून हेवा वाटला. आमच्याकडे कूपरेजचं मैदान आहे, कृत्रिम गवत आहे, लीग आहे, पण लोक कुठायत? खेळाडूंचे मित्र आणि दोनचार आईबाप. आमचा फुटबॉल कंपन्यांचा, ऑफिसांचा. महिंद्रा युनायटेड एवढा मोठा संघ, कंपनीनं ठरवलं आणि २०१० ला बंद. कुणी रस्त्यावर उतरलं नाही, पेपरात बातमी आली, संपलं.

म्हापशेकार
आमच्या गोंयात पण तेंच. २०१६ त धेंपो, साळगांवकार आनी स्पोर्टिंग तिन्ही क्लब एकदम आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य लीगमधून बाहेर. (मराठीत लिहितो, नाहीतर रागवाल.) पण वाड्यावाड्यांच्या स्पर्धा बघा, तिथे अजून चर्चच्या मैदानावर माणसं मावत नाहीत. म्हापशाला दुलेर, वास्कोला टिळक मैदान, ही मैदानं तुमच्या शाहू स्टेडियमच्या जातकुळीतली. आमच्याकडची मुलं तुमच्याकडे का येतात त्याचं उत्तर सोपं आहे. एकतर पैसे रोख. दुसरं म्हणजे पब्लिक. माझा एक ओळखीचा कोल्हापूरला एक सीझन खेळून आला, तो म्हणाला की गोव्यात मी चांगला पास दिला तर कोच टाळी वाजवतो, तिथं हजारो लोक उठून उभे राहतात. आणि चुकीचा दिला तर तेच हजारो लोक आईचा उद्धार करतात, तेवढं चालायचंच.

रांगडा_गडी
आलो. दुकान बंद करून.

ह्ये बघा, मी शेरातला न्हाई, कागल साईडचा. मला पेठबिठ न्हाई. मी मॅच बघाय येतो त्यो मॅच बघाय. माझं म्हणणं बाहेरचे खेळाडू आले म्हणून खेळ सुधारला. आधी कसा खेळ हुता, मागनं उंच टोलवायचा आन पुढं पळायचं, लागला तर गोल. आता चार-पाच पास बघाय मिळत्यात. एक काळा गडी हुता एका संघात, छातीवर बॉल घ्यायचा आन तिथंच मारायचा, समोरच्या पेठेची पोरं पण व्हय व्हय म्हणायची. त्याच्याकडं बघून आपली पोरं शिकली का न्हाई सांगा.

शिवाजीपेठ_एकच
शिकली ना, पण वापरायला मिळालं का? दोन जागा फॉरवर्डच्या, दोन्ही बाहेरच्यांना. आपलं पोरगं ऐंशीव्या मिनिटाला आत, तेही तीन शून्यनं पुढं असलो तर.

आणि "काळा गडी" काय रे, नाव असेल ना त्याला.

रांगडा_गडी
नाव लई लांब हुतं भावा, स्टेडियमवरच्या माईकवाल्याला पण येत नव्हतं. पण बराबर हाय तुझं, पुढच्या टायमाला शोधून लिवतो.

स्वाती_के
अनिकेत जाधवचं नाव अजून कुणी घेतलं नाही? २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, त्यात आपला कोल्हापूरचा पोरगा भारताकडून खेळला. नंतर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. निखिल कदम पण आपलाच, कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत गेला. पण अनिकेत घडला कुठं, तर पुण्यात क्रीडा प्रबोधिनीत. लहानपणीच घर सोडून जावं लागलं. शहराला फुटबॉलचं एवढं वेड आणि पोराला शिकायला पुण्याला पाठवायचं, याचा विचार कुणी करतं का? बाहेरून खेळाडू आणायला जो पैसा जातो त्यातला थोडा बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या कोचवर खर्च केला तर पाच वर्षांत बाहेरचा आणायची गरजच पडणार नाही. एवढं साधं गणित आहे.

मंगळवारकर
स्वातीताई, गणित बरोबर आहे पण तालमीचं बजेट पाच वर्षांचं नसतं, पुढच्या रविवारचं असतं. फायनल हरली तर पदाधिकाऱ्याला पेठेत तोंड दाखवता येत नाही. "पाच वर्षांनी बघा" असं सांगणाऱ्याला सहाव्या महिन्यात बदलतात.

जुना_हाफबॅक
+१. आणि ते कोच ठेवतील, मुलं कुठं सराव करणार? सराव करायला मैदान कुठाय? गांधी मैदान पावसात परत तळं होतं, जुनं वरुणतीर्थ आपली जागा सोडत नाही. पेटाळा, दुधाळी, पोलो ग्राऊंड, मेरी वेदर, जिथं जावं तिथं क्रिकेटचे चार डाव एकमेकांत घुसलेले असतात, त्यात कधी प्रदर्शन, कधी सभा, कधी फटाक्यांचे स्टॉल. स्टेडियम सरावाला वापरलं तर मॅचपर्यंत गवत राहायचं नाही.

नवखा_पुणेकर
मी नवीन आहे, बावळट प्रश्न असेल तर सांभाळून घ्या. लीगमध्ये सोळा संघ आहेत ना, मग युरोपसारखं होम आणि अवे का नाही? पेठेची एवढी ईर्ष्या आहे तर होम ग्राऊंडला काय मजा येईल.

रेफ्री_काका
बावळट नाही, चांगला प्रश्न आहे. सोळा संघांनी एकमेकांशी एकदा खेळायचं तर १२० सामने होतात, होम-अवे केलं तर २४०. आणि मैदान किती, एक. दिवसाला दोन सामने घेतले, एक भर दुपारी आणि एक चारचा, तरी १२० ला साठ दिवस पाहिजेत, २४० ला १२०. त्यात खालच्या गटांचे सामने वेगळे, मग प्रत्येकाच्या स्पर्धा आहेत, सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक, चंद्रकांत चषक, नेताजी चषक. शिवाय परीक्षा, निवडणुका, पोलीस बंदोबस्त, एखादी राज्याची स्पर्धा. सगळ्यांचं होम तेच आणि सगळ्यांचं अवे पण तेच. त्यामुळेच गंमत अशी की पाहुणा संघ असा नसतोच, फक्त पायऱ्या वाटलेल्या असतात, अमुक पेठ या कोपऱ्यात, तमुक त्या.

मैदानाचं म्हणाल तर एप्रिल-मेमधे दोन्ही गोलपुढचं गवत उडून जातं, माती उरते. त्यावर दुपारी पाणी मारतात. पाणी जास्त झालं तर गोलकीपर घसरतो, कमी झालं तर धूळ आणि चेंडू कुठंही उडतो. मी शिट्टी घेऊन उभा राहिलोय तिथं, साइडलाइनचा फकीचा पट्टा उत्तरार्धात पुसून गेलेला असतो आणि चेंडू बाहेर गेला की नाही हे मला सोडून सगळ्या पायऱ्यांना माहीत असतं.

कूपरेजवाला
शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं 😂

शिवाजीपेठ_एकच
काका, रेफ्री म्हणून एक विचारतो. पेठेतल्या मॅचला भीती वाटायची का? खरं सांगा.

रेफ्री_काका
खरं सांगतो. मॅचमधे नाही वाटायची, मॅचमधे डोकं चालू असतं. शेवटची पाच मिनिटं बरोबरी असताना डीमधे कुणी पडलं की पोटात गोळा यायचा. पेनल्टी दिली तर एक बाजू, नाही दिली तर दुसरी बाजू. एका सेमीफायनलला मी नाही दिली, टायब्रेकर झाला, सडनडेथपर्यंत गेला, आणि जो संघ पेनल्टी मागत होता तोच जिंकला. त्यांचाच एक कार्यकर्ता नंतर चहा घेऊन आला, म्हणाला काका तुम्ही चुकला होता पण वांदा नाही. तोच संघ हरला असता तर चहा आला नसता, दगड आला असता.

हसू नका, दगड येतात. खुर्च्या येतात. आपण सगळे वेडाचं कौतुक करतो पण मॅच संपल्यावर गाडीवरून झेंडे घेऊन दुसऱ्याच्या गल्लीत घुसायचं, सायलेन्सर काढून फिरायचं, मग तिथं अडवायचं, मग पोलीस, मग केसेस, मग स्पर्धा बंद. कितीतरी वेळा झालंय. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल झाला की त्याची सरकारी नोकरी, पासपोर्ट सगळं लटकतं. आणि हा पोरगा खेळाडू नसतोच, त्यानं बॉलला कधी पाय लावलेला नसतो.

रांगडा_गडी
शंभर टक्के. आमच्याकडनं बघाय येणारी माणसं ह्याच्यामुळं कमी झाली. मी पोराला घेऊन याचो, आता बायको म्हणती एकट्यानं जा.

स्वाती_के
मी बघायला जाते, वडिलांबरोबर जायचे आणि आता मैत्रिणींबरोबर जाते. पॅव्हेलियनच्या बाजूला बसलं तर काही होत नाही. शिव्यांचं म्हणाल तर कान बंद ठेवायचे. पण एक बोलते, बायका वाढल्या तर पायऱ्या आपोआप सुधारतील. कोल्हापुरात मुली फुटबॉल खेळत नाहीत असं नाही, एफसी कोल्हापूर सिटीचा मुलींचा संघ इंडियन वुमेन्स लीगमधे खेळून आला. किती तालमींचा मुलींचा संघ आहे सांगा? आणि किती पेठा त्यांना बघायला येतील?

मंगळवारकर
याचं उत्तर माझ्याकडे नाही ताई, माझ्या तालमीच्या मीटिंगमधे विषय काढतो. (काढला की लोक चहा प्यायला उठतील, तरी काढतो.)

काकांच्या दगडाच्या मुद्द्यावर. मला वाटतं आयात खेळाडू आणि हुल्लड ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. पूर्वी मैदानात आपला चुलतभाऊ खेळायचा, तो सात वाजता घरी येऊन सांगायचा की अरे त्यांच्या बॅकनं मला उचलून उभं केलं, चांगला पोरगा आहे. भांडण तिथंच थंड व्हायचं. आता मैदानातलं कुणी रात्री गल्लीत येऊन बोलत नाही. अकरा जण हॉटेलवर, आणि पेठ पायरीवर, मधे काही दुवाच नाही.

शिवाजीपेठ_एकच
हे पटलं. मंगळवार पेठेचं असून पटलं म्हणजे विचार कर. पण एक सुधारणा, पूर्वी पण मारामाऱ्या होत होत्या. माझे काका सांगतात की त्यांच्या वेळी मॅच अर्धी टाकून लोक कुंपणावरून आत यायचे. तेव्हा मोबाईल नव्हते म्हणून व्हिडिओ फिरले नाहीत एवढंच.

जुना_हाफबॅक
तुझे काका बरोबर सांगतात. मी त्या कुंपणाच्या आतल्या बाजूला होतो 😄

म्हापशेकार
राजकारणाचं काय? इतके "चषक" ऐकून विचारतोय.

मंगळवारकर
नेत्यांशिवाय इथं गोल होत नाही. स्पर्धेला नाव लागतं, बक्षीस लाखाच्या घरात जातं, शिवाय स्पर्धेचा उत्कृष्ट फॉरवर्ड, हाफ, बॅक, गोलकीपर यांना वेगळं. आणि एवढी तरुण पोरं दुसऱ्या कुठल्या मांडवात सापडणार? पण सगळंच वरवरचं नाही. चंद्रकांत जाधव अण्णा स्वतः पाटाकडीलकडून फुटबॉल खेळलेले, २०१९ ला कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले, २०२१ च्या डिसेंबरात गेले. चंद्रकांत चषक त्यांच्या नावाचा. स्टेडियममधे त्या माणसाविषयी वाईट बोलणारा मला कुठल्याच पेठेत भेटला नाही, आणि आमच्या स्टेडियममधे हे किती अवघड आहे ते वर वाचलंच असेल.

कूपरेजवाला
वर्ल्डकपच्या वेळी कोल्हापुरातले मेस्सी-रोनाल्डोचे कटआऊट टीव्हीवर बघितले होते, ते याच पेठा का?

रांगडा_गडी
याच. २०२२ ला अर्जेंटिना जिंकली तेव्हा मध्यरात्री हलगी-घुमकं आन फटाके, लोकांस्नी वाटलं दिवाळी परत आली. अर्ध्यांनी मेस्सीच्या फोटोला दूध घातलं असंल. पर दुसऱ्याच दिवशी तीच पोरं आपापल्या तालमीच्या मॅचचं बोलत हुती. मेस्सी ठीक हाय, पर बालगोपालचं काय हुतंय?

नवखा_पुणेकर
एवढं वाचून आता यायलाच पाहिजे. सीझनमधे एखादा शनिवार-रविवार काढतो. कुठली मॅच बघू, तिकीट कसं काढायचं, ऑनलाइन मिळतं का? आणि कुठं बसू म्हणजे दगड लागणार नाही?

रेफ्री_काका
लीगचे साधे सामने बघायचे असतील तर जाऊन खिडकीवर उभं राहायचं, पाच मिनिटांचं काम. पाटाकडील-दिलबहार, पाटाकडील-शिवाजी असला सामना किंवा कुठलीही फायनल असेल तर दोन तास आधी या, गेट बंद झालं की मग शेजारच्या गच्च्या शोधाव्या लागतात. पहिल्यांदा येताय तर पॅव्हेलियनच्या बाजूला बसा. टोपी आणा, मार्चनंतर चारच्या मॅचला ऊन थेट डोळ्यात येतं. निळा, लाल, भगवा कुठलाच शर्ट घालू नका, पांढरा घाला.

शिवाजीपेठ_एकच
पॅव्हेलियनला बसून काय मॅच कळणार. माझ्याबरोबर पायरीवर बसव त्याला. आधी मिसळ खाऊ, मग जाऊ. जबाबदारी माझी.

मंगळवारकर
पुणेकर, याच्याबरोबर बसू नका. याच्या बाजूला गेलात की याची पेठ हरते, असा इतिहास आहे. तुम्हाला मेसेज केलाय, बघा.

शिवाजीपेठ_एकच
इतिहास काढायचा का? लीगचे गुणतक्ते काढून ठेवलेत माझ्याकडं. नवा धागा काढ, इथं जागा पुरायची नाही.